सगळ्यात मोठा चेहरा

लाल रंग चार तासांत वाळतो, असं डब्यावर छापलेलं असतं. सहा लागतात.

•

नवरा आणि बायको मिळून एक कोयता.

•

टोपी माझ्या आधीच्या रक्षकाची. त्याचं डोकं मोठं होतं. आत वर्तमानपत्राची घडी घातली की बसते. सलाम जोरात केला की नाकावर येते.

•

सूचना क्रमांक ३ : सभा चालू असताना शिट्टी वाजवू नये.

•

सातशे बारा.

•

"दार कसलं हाय गं? लाकडी का लोखंडी?"

•

मी धनश्री. पाथर्डी तालुक्यातली. वय तेवीस, वजन सेहेचाळीस किलो, शिट्टी धरून. जानेवारीत मला एका नगरपरिषदेच्या सभागृहाच्या दारावर सुरक्षा रक्षक म्हणून लावलं. कंत्राटी, तीन महिने चाचणीवर. पण आमचे सुपरवायझर भागवत साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीन महिने कागदावर. पहिली सभा होईल त्या दिवशी बाराला मी येणार, दरवाजा बघणार, शेरा लिहिणार. शेरा बरा, तर तू राहशील. नाहीतर तुझ्या जागेवर दुसरी मुलगी तयार आहे."

दुसरी मुलगी खरंच तयार होती. प्रशिक्षणात ती माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. रोज रात्री मला विचारायची, "तुला नगरच्या बाजूला मिळालं आणि नाही जमलं, तर मला सांगशील ना?"

नाही जमलं तर मी कुठे जाणार, हेही ठरलेलं होतं. आई-बाबा राहात्याकडच्या उसात होते. टोळीत एक जागा नेहमी निघते.

•

सभागृहाला चार वर्षं कुलूप होतं. निवडणूकच झाली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. डिसेंबरात निवडणूक झाली, चोवीस सदस्य आणि एक नगराध्यक्षा निवडून आल्या. मी कुलूप उघडलं तेव्हा आत खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर धूळ होती आणि एका पंख्यावर पारव्याने घर केलं होतं. पारवा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दृष्टीने बाहेरची मी होते.

मुख्याधिकारी साहेबही नवेच, माझ्यानंतर दोन दिवसांनी हजर झालेले. त्यांनी मला बोलावून तीन वाक्यं सांगितली.

"सभागृहात फक्त सदस्य. नातेवाईक, कार्यकर्ते, हितचिंतक, कोणी नाही. एक जरी बाहेरचा माणूस आत दिसला तर मी दरवाज्याला विचारेन."

दरवाजा म्हणजे मी.

"सर, सदस्य ओळखायचे कसे?"

"रविराजकडून यादी घ्या."

रविराज म्हणजे सभेचं काम बघणारा लिपिक. चांगला माणूस. फक्त त्याच्याकडे काहीही मागितलं की ते टाइप होत असतं.

"यादी टाइप होतेय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी : "टाइप होतेय."

चौथ्या दिवशी : "अहो, यादी काय करायची? फ्लेक्स बघा की. गावभर लागलेत अभिनंदनाचे. एकाचा चुकलेला नाही. चेहऱ्यासकट सगळे सदस्य फुकटात."

मला हे पटलं. इतकं पटलं की मी वही केली.

•

बसस्टँडपासून नगरपरिषदेपर्यंत चालत अठरा मिनिटं. फ्लेक्सवर वर एका ओळीत नेत्यांचे गोल गोल चेहरे. खाली एका ओळीत गॉगल घातलेली तरुण मंडळी, शुभेच्छुक. बऱ्याच फ्लेक्सवर कडेला, पासपोर्ट फोटोएवढी, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. आणि मध्ये हात जोडलेला, गळ्यात हार, कपाळावर गुलाल, सगळ्यात मोठा चेहरा.

माझा नियम : सगळ्यात मोठा चेहरा तो सदस्य.

वहीतली काही पानं :

प्रभाग १. मिशी, टोकं वर. हसत नाही.

प्रभाग २. गॉगल. (खरा माणूस गॉगल काढून आला तर? डाव्या भुवईवर व्रण आहे.)

प्रभाग ४. दोन हनुवट्या.

प्रभाग ५. आजी. मोठी नथ. कोपऱ्यात कोणी नाही, एकट्याच. चांगुणाबाई.

प्रभाग ८. कान मोठे. स्वेटर.

प्रभाग ९. केस काळे, भुवया पांढऱ्या.

नावं लांबलचक होती. मी आडनाव आणि प्रभाग तेवढा लिहून घ्यायचे. आडनाव त्या फ्लेक्सवरच्या दोघांचं एकच असतं. आणि कडेच्या त्या छोट्या बायका? मला वाटलं, घरची मंडळी. आनंदाच्या वेळी माणूस घरच्यांचा फोटो टाकतो. चांगला माणूस असेल तर.

नऊ दिवसांत चोवीस चेहरे पाठ. डोळे मिटून प्रभाग म्हटला की मिशी दिसायची.

•

संध्याकाळी आईचा फोन. आईचं नाव आक्काबाई. उसाच्या फडातून बोलते, त्यामुळे ओरडून बोलते.

"दार कसलं हाय गं? लाकडी का लोखंडी?"

"लाकडी. सागाचं."

"मंग बरंय. लोखंडी दार उनात तापतं. पाठ टेकायची सोय न्हाई. आन किती कोयते हायेत आतमधी?"

"चोवीस."

"लई मोठी टोळी हाय की!"

हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता मोजतात. दोघं तोडतात, दोघं मोळ्या बांधतात, मुकादमाच्या वहीत नाव मात्र एक. आमच्या कोयत्याचं नाव बाबांचं आहे. आई त्या नावाच्या आत असते. मी लहानपणापासून असंच मोजायला शिकले आणि मला त्यात कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

•

सभेचा दिवस. वेळ अकराची. संक्रांत होऊन आठवडा झालेला.

आवारात झाडझूड, दारात रांगोळी, पारव्याचं घर अलगद काढून मागच्या खिडकीत ठेवलेलं. मुख्य फाटकावर छगनमामा. ते अठ्ठावीस वर्षांपासूनचे शिपाई. गाड्यांचे नंबर वहीत लिहायचं काम त्यांचं, आणि मला चिडवायचंही.

"पोरी, ह्या दारातून आजपत्तूर कोन न्हाई गेलं ते सांग. म्हस गेली एकदा. तिलाबी कुनी इच्यारलं न्हाई, कोनत्या वार्डातली म्हनून."

"आज विचारणार, मामा."

"इच्यार, इच्यार. टोपी धर पयली."

साडेदहाला पहिले सदस्य आले. प्रभाग एक, मिशी. मी सलाम ठोकला. टोपी नाकावर. ते हसले नाहीत, म्हणजे नक्की तेच. मग दोन हनुवट्या. मग व्रण. मी वहीत एकेकापुढे खूण करत होते आणि छाती फुगत होती. चांगुणाबाई आल्या, नथीसकट. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "बया, बाई हाय दारावर! झ्याक!" आणि आत गेल्या.

मग कल्याणशेठ आले. केस काळे, भुवया पांढऱ्या. मोठी पांढरी गाडी, बरोबर मुलगी. विशीतली, कानात इअरफोन. मी कल्याणशेठना सलाम केला, ते आत गेले. मुलगी मागोमाग निघाली. मी हात आडवा केला.

"नातेवाईकांना प्रवेश नाही."

मुलीने एका कानातला इअरफोन काढला. "मला?"

"हो. बाहेर बाकावर बसा."

कल्याणशेठ आतून वळून म्हणाले, "बस गं संस्कृती. मी बघतो." मुलीने खांदे उडवले आणि बाकावर जाऊन बसली. सुटल्यासारखी.

नंतर तसंच होत गेलं. पुढे नवरा, मागे दोन पावलांवर बायको, जरीची साडी, हातात पिशवी. नवऱ्याला सलाम. बायकोला बाक. नवरे म्हणायचे, "थांब हितंच." बायका थांबायच्या.

एकीनेच थोडं विचारून बघितलं. प्रभाग आठ, मोठे कान, स्वेटर, म्हणजे गोरक्षनाथराव. ते नगरपरिषदेच्या मागच्याच गल्लीत राहतात, चालत आले होते. त्यांच्या मागे पुष्पावतीबाई. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू.

"बाळा, मला सही करायची असंल ना?"

"सही आत साहेब करतील, ताई."

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून बाकावर गेल्या.

पावणेअकराला सगळे चोवीस आत. मी वहीतल्या चोवीस खुणा मोजल्या. बरोबर. बाहेर एकही कार्यकर्ता नाही, हितचिंतक नाही, फक्त बाकांवर अकरा बायका शांत बसलेल्या. भागवत साहेब बाराला येणार होते. मला वाटलं, आत्ताच यावेत.

•

अकरा बायका फार वेळ शांत बसत नाहीत.

पहिला डबा पुष्पावतीबाईंनी उघडला. तिळगूळ. मग दुसरीच्या पिशवीतून तिळाच्या वड्या. तिसरीच्या पिशवीत चक्क कुंकवाचा करंडा, कारण तिला सभा संपल्यावर शेजारी हळदीकुंकवाला जायचं होतं. मलाही लावलं. गणवेशावर चालतं का, हे कोणत्याच सूचनेत नव्हतं. मी माझा थर्मास काढला, झाकणात चहा फिरवला.

छगनमामा गाड्यांची वही घेऊन डोकावले. "सभा हाय का हळदीकुकू?"

"सभा आत हाय, मामा. आमी भाईरच्या," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"तुमच्याकडं पानी कितव्या दिशी येतं?"

"पाचव्या."

"पाचव्या? आमाला आठव्या! टाकी आमच्या दारात, आन पानी तुमच्या दारात."

"मंग बोल की आत."

"आत सोडतंय कोन?"

पुन्हा हशा. मग पुष्पावतीबाई चहाचा घोट घेऊन, सहज, म्हणाल्या, "मला सातशे बारा पडली. समोरचीला सहाशे नव्वद. वाटलं न्हवतं."

"काय पडली?" मी विचारलं.

"मतं."

"कशाची?"

"कशाची म्हंजे? निवडनुकीची. नगरसेविका हाय ना मी, बाळा."

थर्मास माझ्या हातात तिरका राहिला. चहा कुणाच्या तरी चपलेवर पडत होता.

"आणि तुम्ही?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"मीबी."

"तुम्ही?"

"मीबी की."

अकरा वेळा. बाकाच्या टोकाला संस्कृतीने इअरफोन काढला. "मीपण. प्रभाग नऊ महिलांसाठी राखीव निघाला म्हणून. पण बाबा गेलेत ना आत."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणी?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पुष्पावतीबाई म्हणाल्या, "ह्यांनी म्हनलं थांब. तू म्हनलीस नातेवाईक भाईर. शिट्टीवाली बाई सांगती म्हनल्यावर आमाला वाटलं, कायदा बदलला आसंल."

•

पासपोर्ट फोटोएवढ्या. डोक्यावर पदर. डावीकडे खाली. अकरा.

नऊ दिवस रोज त्यांच्यासमोरून गेले होते. येताना अठरा मिनिटं, जाताना अठरा.

•

११.०४. आत रविराज माइक तपासत होता. "हॅलो, हॅलो. एक, दोन." नंतर हजेरी. हजेरीत बाईच्या नावापुढे पुरुषाने 'हजर' म्हटलं की झालं. पहिल्याच सभेत अकरा बाहेरचे आत, अकरा आतले बाहेर. आणि आत सोडणारी मी. सलामासकट.

"मामा," मी छगनमामांना हळूच विचारलं, "हे असं चालतं इथे?"

"मागल्या बॉडीत तर बायका येतच न्हवत्या. हजेरीची वही घरी जायाची सहीला. मी न्यायचो सायकलीवर." त्यांनी बाकांकडे बघितलं. "ह्या निदान आल्या तरी."

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मुख्याधिकारी नवे. बायका बाकावर खूष. शेरा बरा पडला असता.

आत जाऊन अकरा जणांना 'उठा' म्हणायचं? सेहेचाळीस किलो. शिट्टी वाजवायला बंदी. ते म्हणाले असते, 'तूच सलाम केलास की!'

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कारण नसताना.

आवारात एकच मोठा लिंब आहे. लिंबाखाली सावली, सावलीला लागून अग्निशमनाच्या बंबाची शेड. सगळ्या गाड्या तिथेच, शेडच्या तोंडाशी, एकीला एक चिकटून. पांढरी, पांढरी, पांढरी, काळी, पांढरी.

सूचना क्रमांक ७ : बंबाच्या शेडपुढे कोणतेही वाहन उभे राहू देऊ नये. राहिल्यास चालकास त्वरित कळवून हटवावे. सभा चालू असली तरीही.

आणि रोज सव्वाअकराला बंबाचा चालक कानिफनाथ तो चालू करून बाहेर काढतो, एक चक्कर मारतो, परत लावतो. बंब तयार आहे याची खात्री. कानिफनाथ मनाने फार चांगला आहे. बंब बाहेर काढताना त्याने आमचं फाटक आजवर दोनदा पाडलंय.

"मामा, वही द्या."

•

मी दार उघडून आत गेले आणि व्यासपीठासमोर सलाम केला. टोपी हाताने धरून. नगराध्यक्षा रेश्माताई आपल्या दालनाच्या आतल्या दाराने येऊन केव्हाच बसल्या होत्या. तिशीतल्या, चष्मा. समोरच्या ओळींकडे त्या बऱ्याच वेळापासून बघत असाव्यात, कारण कपाळाला आठी होती.

"माननीय अध्यक्षा, सुरक्षेची एक सूचना आहे. तातडीची."

मुख्याधिकारी साहेबांनी फायलीतून मान वर केली. रेश्माताई म्हणाल्या, "बोला."

मी वही उघडली.

"पुढील गाड्या बंबाच्या शेडपुढे उभ्या आहेत. एमएच सतरा, अठ्ठ्याण्णव शून्य नऊ, पांढरी. एमएच सोळा, चार पाच चार पाच, पांढरी. एमएच सतरा, तीन एक दोन दोन, बुलेट. एमएच सोळा, एक एक एक एक, पांढरी, काचेवर 'आईचा आशीर्वाद'..."

बारा गाड्या वाचल्या. कुणी हललं नाही. एक जण म्हणाले, "काढू हो नंतर."

"सव्वाअकराला कानिफनाथ बंब बाहेर काढणार आहे," मी म्हणाले. "आता अकरा वाजून बारा मिनिटं झालीत."

खाली शेडमधून बंब चालू झाल्याचा आवाज आला. मी ठरवलेलं नव्हतं. त्याचं घड्याळ पुढे असतं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण बारा पुरुष एकाच वेळी माझ्या अंगावरून गेले. 'आईचा आशीर्वाद' सगळ्यांच्या पुढे. दोन हनुवट्या. काळे केस, पांढऱ्या भुवया. किल्ल्या खणखणत होत्या. एक चप्पल आतच राहिली.

दार मोकळं झालं. मी बाकांकडे बघून म्हणाले, "सदस्यांनी आत यावं."

कोणी उठेना.

"सातशे बारा!" मी म्हणाले.

पुष्पावतीबाई उठल्या. डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला. त्या उठल्यावर सगळ्या उठल्या. संस्कृतीने इअरफोन गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि आरशासारखा मोबाईल धरून केस नीट केले.

•

एकच अडचण राहिली. गोरक्षनाथराव चालत आले होते. त्यांना हटवायला गाडी नव्हती. ते प्रभाग आठच्या खुर्चीत बसून होते, समोरच्या खुर्च्या रिकाम्या होताना बघत, स्वेटरची बटणं लावत आणि काढत.

मी पुढे निघाले. पुष्पावतीबाईंनी मला हाताने मागे सारलं. खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"उठा."

"अगं, मी काय म्हन्तो..."

"उठा म्हनते. माजी खुर्ची हाय."

"आगं पन तुला कळायचं न्हाई, पान्याचा इषय हाय..."

"पानी भरतंय कोन घरात?"

गोरक्षनाथरावांनी छताकडे बघितलं. पारवा असता तर त्याच्याकडे बघितलं असतं. मग उठले. जाता जाता हातातली फाईल पुष्पावतीबाईंकडे दिली, आणि चष्म्याची डबीसुद्धा. "चष्म्याचा नंबर एकच हाय आमचा," ते मला म्हणाले, उगीचच, आणि दाराबाहेर गेले.

नगराध्यक्षा रेश्माताई खाली मान घालून विषयपत्रिका वाचत होत्या. विषयपत्रिका एका पानाची होती. त्या बराच वेळ वाचत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मग माइक जवळ ओढून म्हणाल्या, "हजेरी घ्या."

मी बाहेर आले आणि दार लावलं. पाठ टेकली. सागाचं दार. थंड.

•

ते परत आले. धापा टाकत. कानिफनाथने त्या दिवशी काहीही पाडलं नाही, हे नोंदवून ठेवते.

बारातले दोन पुरुष खरेच सदस्य होते. त्यांच्या गाड्याही त्या रांगेत होत्या. पुरुषाचा मोठा फोटो असलेल्या ज्या फ्लेक्सवर कडेला कुणी बाई नव्हती, तेवढे खरे. मी वही बघून त्या दोघांना आत सोडलं. बाकी दहा राहिले.

"बाजूला हो," कल्याणशेठ म्हणाले.

"साहेब, प्रभाग नऊच्या सदस्या आत बसल्यात."

"अगं, सकाळी मला कडक सलाम ठोकलास ना?"

"ठोकला, साहेब. ती माझी चूक होती. लिहून ठेवणार आहे."

"आणि गाड्या तिथं लावू नका म्हणून पाटी कुठं होती? नुसती झाडाखाली मोकळी जागा दिसली!"

"पाटी नसली तरी बंब दिसतो ना, साहेब. लाल असतो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कल्याणशेठही हसणार होते, पण सावरले. "पोरीला काय बोलायचं ते मी सांगितलेलं नाही. तिला बोलताच येणार नाही."

तेवढ्यात आतून माइकवर आवाज आला. तरुण, स्पष्ट, जरा जास्तच मोठा. "माननीय अध्यक्षा, मी प्रभाग नऊमधून. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं आणि टाकीच्या शेजारच्या प्रभागात आठव्या दिवशी. हे कसं काय, याचा खुलासा व्हावा."

कल्याणशेठ दाराला कान लावून उभे राहिले. "आपल्याला जास्त येतंय, हे कशाला सांगते ही!" ते पुटपुटले. पण कान काढला नाही.

बाकांवर दहा जण बसले, अकरावे गोरक्षनाथराव आधीच बसलेले. तिळाच्या वड्यांचा एक डबा तिथेच राहिला होता. त्यांनी तो उघडला.

"चहा न्हाई का?" गोरक्षनाथरावांनी विचारलं.

"संपला. सदस्यांनी घेतला."

•

भागवत साहेब बाराला आले तेव्हा दाराबाहेर अकरा पुढारी पुरुष ओळीने बसून तीळ चावत होते आणि मी उभ्याने घटना वही लिहीत होते.

"हे कोण?"

"नातेवाईक, सर."

"आत कोणी बाहेरचं?"

"आता नाही. १०.३० ते ११.१५ अकरा जण होते. मी सोडले होते." आणि वही त्यांच्यापुढे धरली.

भागवत साहेब ओठ हलवत वाचतात. मी त्यांच्या ओठांवरून कोणती ओळ चालली आहे ते ओळखत होते. फ्लेक्स. मोठा चेहरा. अकरा सलाम. अकरा बायकांना बाकावर बसवलं. थर्मास. इथे ओठ थांबले, त्यांनी माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं, पुन्हा चालू झाले. सूचना क्रमांक ७. कानिफनाथ.

"हे सगळं लिहायची काय गरज होती? शेवटी बरोबरच झालं ना?"

"सुरुवातीला चुकलं होतं, सर."

"लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो, सर."

त्यांनी वही मिटली. उसातली एक रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि शेजारच्या कॉटवरची मुलगी, सामान बांधलेली. भागवत साहेबांनी खिशातून फॉर्म काढला, बाकावर टेकायला जागा नव्हती म्हणून कल्याणशेठची पाठ मागितली. कल्याणशेठ वाकले. सवयच असते म्हणा, वाकून नमस्कार करायची. पाठीवर फॉर्म ठेवून साहेबांनी दोन ओळी लिहिल्या.

शेरा : चूक स्वतः केली, स्वतः ओळखली, स्वतः नोंदवली. दरवाजा सांभाळते. ठेवावी. नवीन टोपी द्यावी.

टोपी अजून आलेली नाही. टाइप होतेय.

•

यादी मात्र दुसऱ्या दिवशी आली. चोवीस नावं, छान मोठ्या अक्षरांत. आठवं नाव पुष्पावती. मी ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. पुढच्या सभेला गोरक्षनाथराव फाटकापर्यंत पोचवायला आले, चष्म्याची डबी हातात देऊन परत गेले. कल्याणशेठ अजून येतात. बाकावर बसतात, कान दाराकडे. आठव्या दिवशीचं पाणी आता सहाव्या दिवशी येतं, आणि त्यांचं पाचव्याचंही सहाव्यावर गेलं. त्यावर ते घरी मुलीशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचा फ्लेक्स नवा करून लावला. या वेळी ती मध्ये आहे. ते कोपऱ्यात. पासपोर्ट फोटोपेक्षा थोडे मोठे.

सभेच्या संध्याकाळी आईचा फोन आला होता.

"ऱ्हायली का जागा?"

"राहिली."

"बरं झालं. आन काय गं, चोवीस कोयते म्हनली हुतीस. सगळे आले?"

"आले. पण आई, इथे बाई वेगळी मोजायची."

पलीकडे कुणीतरी मोळी टाकल्याचा आवाज.

"मंग अठ्ठेचाळीस झाले की!"

"नाही गं. चोवीसच. त्यातल्या बारा बायका."

"सोता?"

"स्वतः."

"आन त्येंचे नवरे?"

"बाहेर बसले होते. तीळ खात."

आई इतकी हसली की तिने फोन बाबांकडे दिला, आणि बाबांना काय झालं ते कळेना, म्हणून तेही हसले.

•

सभेच्या दिवशी सकाळी आठ वाजता 'बंबापुढे गाडी लावू नये' ही पाटी लाल रंग द्यायला मीच काढून जिन्याखाली ठेवली होती.